अर्ध्या बाहीची लोकर

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला पुण्याच्या जुन्या बाजारात पोचलं तर माल अजून पोत्यांतून बाहेर येत असतो. मंगळवार पेठेच्या बाजूला रस्त्याकडेनं ताडपत्र्या अंथरलेल्या असतात. नळाच्या तोट्या, पितळी कड्या, बंद पडलेली घड्याळं, ड्रिलची पाती, पान्हे, कुलपाविना किल्ल्या, सगळं त्यांवर ओतलं जातं. बुधवार आणि रविवार हे बाजाराचे दोन वार. विणकामाचं सामान घेऊन बसणारा असा इथं कुणी नाही. विचारलंत तर बहुतेक जण नाही म्हणून मान हलवतील, आणि त्यांच्याच ताडपत्रीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या ढिगात दोन सुया पडलेल्या असतील. विकणाऱ्याच्या लेखी ती ॲल्युमिनियमची कांब असते.

मागच्या डिसेंबरात अशाच एका ढिगाशेजारी मला एक वायरची पिशवी दिसली. हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांची, पूर्वी घरोघरी भाजीला न्यायची असायची तशी. आत रबरानं बांधलेला सुयांचा जुडगा होता, क्रोशाच्या दोन सुया होत्या, वर्तमानपत्राच्या घडीत खोचलेला एक दाभण होता, आणि तळाशी डाळिंबी रंगाचं काहीतरी. बाहेर काढलं तर लहान मुलाचा स्वेटर. पाठ विणून झालेली, पुढचे दोन्ही भाग झालेले, एक बाही पूर्ण. दुसरी बाही निम्म्यावर, टाके अजून सुईवरच. लोकरीचा गुंडा लिंबाएवढा उरलेला.

"ताई, पिशवीसकट दीडशे द्या," पलीकडून आवाज आला. मी घासाघीस केली नाही.

घरी येऊन मोजमाप केलं. पूर्ण बाही २५ सेंटिमीटर, अर्धी राहिलेली १२. भाग अजून जोडलेले नव्हते, त्यामुळे पूर्ण बाही सुटी काट्यावर ठेवता आली: ३४ ग्रॅम. बाही मनगटाकडून वर विणत जातात आणि वर ती रुंदावते, म्हणजे उरलेल्या भागाला निम्म्याहून जास्त लोकर लागणार, २० ग्रॅम तरी. गळ्याची आणि बटणांची पट्टी धरून आणखी १५. हातात होता ९ ग्रॅमचा गुंडा. कमी पडत होती पंचवीस-तीस ग्रॅम लोकर.

गेले दहा महिने मी ती शोधते आहे. शोधताना या शहरात विणकामाचं सामान कुठून निघतं आणि कुठं जातं, हे मला हळूहळू कळत गेलं. ते इथं लिहिते आहे, कारण हे ज्यांना कळायला हवं त्या बायका आणि मुली आमच्या शनिवारच्या वर्गातच मला भेटतात.

वस्तीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी-तिघी विणकाम शिकवतो. येणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांच्या आया चार घरची धुणीभांडी करतात. सुयांची एक बरी जोडी आणि २०० ग्रॅम साधी लोकर नवी घ्यायची म्हटलं तर तीनशे रुपयांच्या आसपास जातात. शिकणाऱ्या हातानं पहिल्या महिन्यात विणलेलं सगळं उसवावंच लागतं. उसवण्यासाठी तीनशे रुपये कुठली आई देईल? मुली एक-दोनदा येतात, दुसरीच्या सुयांवर चार ओळी विणून बघतात आणि यायच्या बंद होतात. हात चांगला असलेल्या मुली मी अशा जाताना पाहिल्या आहेत. म्हणून जुन्या सामानाचा शोध हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही.

आता सुयांकडे वळते, कारण जुन्या सामानात खरी दौलत सुयांचीच.

पिशवीतल्या जुडग्यात अकरा सुया होत्या. जोड्या लागत होत्या चार, तीन सुया एकट्या. काहींच्या टोपीवर नंबर कोरलेला होता, काहींचा झिजून गेलेला. नंबराशिवाय सुई घेण्यात अर्थ नाही. एक सुई आठची आणि दुसरी नऊची असेल तर ओळीआड टाके सैल-घट्ट होतात आणि विणणारीला वाटतं, आपला हातच वाईट. मी जुडगा हातात घेऊन उभी होते तेव्हा शेजारच्या ताडपत्रीवर मोटार वाइंडिंगचं सामान मांडलेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातातली सुई मागितली, आपल्या डब्यातून एक गोल पोलादी चकती काढली आणि तिच्या कडेच्या खाचेत सुई सरकवून म्हणाले, "आठ नंबर." दुसरी घेतली. "दहा." त्यांनी आयुष्यात एक टाका विणलेला नव्हता.

ती चकती म्हणजे तारेची जाडी मोजायचं गेज. ब्रिटनमध्ये १८८४ साली तारेच्या जाडीचं सरकारी प्रमाण ठरलं, त्याला स्टँडर्ड वायर गेज म्हणतात. आपल्याकडचे वाइंडिंगवाले आजही तेच नंबर बोलतात. विणकामाची सुई म्हणजे मुळात तारेचा टोक काढलेला तुकडाच, म्हणून सुयांचे इंग्रजी नंबरही त्याच गेजवरून आले. तार जाड असते, ती छिद्रातून ओढून बारीक करतात, मग त्याहून बारीक छिद्रातून पुन्हा ओढतात. जितक्या वेळा ओढली तितकी ती बारीक, आणि तितका नंबर मोठा. विणायला शिकताना प्रत्येकीला पडणारा प्रश्न, की बारा नंबरची सुई आठ नंबरपेक्षा बारीक कशी, त्याचं उत्तर तार ओढण्याच्या कारखान्यात आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सुयांवर हेच नंबर असतात. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ११ म्हणजे ३, १४ म्हणजे २. आता अडचण अशी की मुली मोबाइलवर अमेरिकन बायकांचे व्हिडिओ बघून विणतात. अमेरिकन नंबर उलटा चालतो: आकडा मोठा, सुई जाड. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं टोपी विणली, ती तिच्या बाहुलीला बसली. चूक तिची नव्हती. तेव्हापासून आम्ही नंबर बोलणं सोडलं, मिलिमीटर बोलतो.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून मी तशीच एक चकती विकत घेतली. सुयांच्या आणि तारेच्या मापांत काही नंबरांना दशांशाचा फरक पडतो, पण दोन सुया एका जाडीच्या आहेत की नाहीत हे ती क्षणात सांगते. चकती मिळाली नाही तर सुताराकडून लाकडी पट्टीला ड्रिलनं २ पासून ५ मिलिमीटरपर्यंत पाव-पाव, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं छिद्रं पाडून घ्यावीत. सुई ज्या छिद्रातून जाते पण डगडगत नाही ते तिचं माप. आणि सायकलच्या चाकाची तार सहसा दोन मिलिमीटरची, म्हणजे १४ नंबरच. गावाकडच्या बायका दुकानातून टाकून दिलेल्या तारा आणून, टोकं दगडावर घासून त्यांवर मोजे विणायच्या, त्यात काही जुगाडाची गोष्ट नव्हती. तारेचं आणि सुईचं माप मुळात एकाच घराण्याचं आहे.

जुनी सुई घेताना आणखी दोनच गोष्टी पाहायच्या. फरशीवर ठेवून लोळवायची. वाकलेली असेल तर ती उड्या मारत जाते. ॲल्युमिनियमची किंचित वाकलेली सुई हातानं सरळ होते, फार वाकलेली पुन्हा तिथंच वाकते, ती सोडून द्यावी. मग टोकावरून अंगठा फिरवायचा. कंगोरा लागला तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून वर मेणबत्ती फिरवली की लोकर अडकत नाही. पांढरी भुकटी धरलेल्या सुया लिंबाच्या फोडीनं पुसून धुतल्या की निघतात. ॲल्युमिनियम गंजून सडत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची सुई आजच्या सुईइतकंच काम करते, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सरळ सुया नव्या घेऊच नयेत.

भंगारात मात्र त्यांना काय भाव येतो ते ऐका. आठ नंबरची एक लांब, भरीव सुई साधारण बारा ग्रॅमची. म्हणजे किलोला चाळीसेक जोड्या लागतात. आमच्या भागातला भंगारवाला तेव्हा ॲल्युमिनियमला किलोमागे सव्वाशे रुपये देत होता. एका जोडीचे तीन रुपये. या तीन रुपयांसाठी त्या वितळायला जातात, आणि आमच्या मुलीला तीच जोडी नवी ऐंशी-नव्वद रुपयांना घ्यावी लागते.

म्हणून बाजारापर्यंत पोचण्याआधीच त्या अडवायला हव्यात, असं माझ्या डोक्यात आलं. मी सोसायटीच्या आणि नात्यातल्या गटांवर दोन ओळींचा निरोप टाकला: विणकामाच्या सुया, लोकर, अर्धवट विणलेलं काही घरात असेल तर टाकू नका, मी येऊन नेते. नऊ घरांतून निरोप आले. त्यांतली चार घरं पुनर्विकासात चाललेल्या जुन्या इमारतींमधली होती. सामान बांधायला दोन आठवडे उरलेले, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून आईची किंवा सासूची पत्र्याची पेटी निघालेली. घरात कुणाला विणता येत नाही, आणि ती टाकवतही नाही. मी पेटी घ्यायला गेले की बहुतेक ठिकाणी चहा व्हायचा आणि पेटी माझ्यासमोर उघडली जायची. एके ठिकाणी लोकरीखाली नातवंडांची मापं लिहिलेली वही निघाली, वर्षवार, छाती आणि बाहीची लांबी. वही मी तिथंच ठेवली. सुया घेतल्या.

एका घरी स्वतः विणणाऱ्या आजीच होत्या, चौऱ्याऐंशीच्या. संधिवातानं बोटं मिटत नाहीत. त्यांनी सगळ्या सुया जोडी-जोडीनं दोऱ्यानं बांधून तयार ठेवल्या होत्या. मी दोरा सोडायला लागले तशा म्हणाल्या, "राहू दे गं. सुई एकटी गेली की संपली ती." त्यांची एक अट होती. ज्या मुलीला जोडी देशील तिनं विणलेली पहिली पट्टी मला दाखवायला आण. आतापर्यंत सहा पट्ट्या दाखवून झाल्या आहेत. त्या प्रत्येक पट्टीत कडेचा टाका कुठं सुटला ते चष्मा न लावता बोटानं चाचपून सांगतात.

लोकरीचं प्रकरण सुयांइतकं सरळ नाही. पेट्यांमधून निघालेले गुंडे दिसायला सुंदर असतात आणि हात लगेच पुढे जातो. पण लोकर म्हणून आपल्या घरात जे आलं, त्यातलं किती मेंढीच्या अंगावरचं होतं? जुन्या लोकरीत कानपूरच्या लाल इमलीचं किंवा पंजाबातल्या धारीवालचं लेबल दिसलं की मला आनंद होतो, कारण त्या गिरण्या एकोणिसाव्या शतकात लोकरीसाठीच उभ्या राहिल्या. पण महाराष्ट्रातल्या बायकांनी मागच्या चार-पाच दशकांत विणलं ते बहुतांशी कॅशमिलॉनवर. नावात काश्मीर ऐकू येतं, म्हणून माझ्या आईसकट कित्येकींनी ती उंची लोकर समजून जपली. ते मूळचं एका जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक धाग्याचं नाव. तो धागा वाईट मुळीच नाही. धुवायला सोपा, स्वस्त, रंगाला पक्का, आणि कीड त्याला खात नाही. फक्त आपण काय घेतो आहोत ते ठाऊक असावं.

ओळखायची खूण जुनी आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून थाळीवर जाळायचा. अस्सल लोकर केस जळल्याच्या वासानं चुरचुरत जळते, ज्योत बाजूला नेली की विझते, आणि उरलेली राख चिमटीत भुगा होते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर देतं आणि टोकाला कडक मणी सोडतं. मिश्रणात दोन्ही दिसतं. माझ्या डाळिंबी गुंड्याचा धागा मी जाळला. केसांचाच वास आला.

अस्सल लोकर जुनी घ्यायची तर कसरीची भीती. कसर लोकर खाते, सूत आणि ॲक्रिलिक सहसा सोडून देते. गुंड्यावर बारीक जाळी, वाळूसारखे कण, किंवा धागा ओढताच जागोजाग तुटणं, यातलं काही दिसलं तर फुकट मिळाली तरी आणू नये. कसर घरातल्या रेशमी साड्यांपर्यंत पोचते. शंका असेल तर पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावी, मग घरात घ्यावी. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला गुंडा मला उलट आवडतो. कुणीतरी त्याची काळजी घेतली होती, असा त्याचा अर्थ. उन्हात सावकाश हवा दिली की वास जातो.

मात्र कमी पैशांत पुष्कळ लोकर हवी असेल तर गुंडे शोधत बसू नये. स्वेटर शोधावेत.

आम्ही नाशिकला वाढलो. दिवाळी झाली की थंडी पडायच्या आत आई आमचे तोकडे झालेले स्वेटर उसवायला काढायची. चौरंग उलटा ठेवायची आणि त्याच्या चार पायांभोवती उसवलेला धागा गुंडाळत जायची. मी स्वेटर धरून बसायची, आई ओढायची, आणि ओळी टरटर सुटत जायच्या. तो आवाज मला आजही ओळखता येईल. लड तयार झाली की चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैलसर बांधायची, कोमट पाण्यात रिठे कुस्करून त्यात बुडवायची, आणि पीळ न घालता मोरीच्या दांडीवर टांगून खाली अडकित्ता अडकवायची. अडकित्त्याचं वजन बरोब्बर. ओली लोकर फार वजनानं लांबते आणि मग विणलेलं आखूड होत जातं. वजनच नसेल तर धाग्याची कुरळं जात नाहीत. सावलीत वाळवलेली लड दोन दिवसांनी नव्यासारखी सरळ व्हायची. दादाचा स्वेटर माझा व्हायचा, माझा धाकटीचा, आणि पुरेनासं झालं की मध्ये दुसऱ्या रंगाचा पट्टा यायचा. आमच्या जुन्या फोटोंत पट्ट्यांची संख्या मोजली तर कुठला स्वेटर कितव्यांदा विणलेला ते सांगता येतं.

हीच रीत आम्ही वर्गात आणली. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये सहज ४०० ग्रॅम लोकर निघते. जुन्या कपड्यांच्या ढिगात असा स्वेटर मला पन्नास-साठ रुपयांना मिळाला आहे, आणि बोहारणीकडे त्याहून कमीत. आमच्या गल्लीत येणाऱ्या बोहारणीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, साडीवर भांडं देता येतं, स्वेटर इकडे कोण घेतं बाई, थंडी किती दिवसांची. तिला नको असलेली वस्तू आम्हाला हवी आहे हे कळल्यापासून ती स्वेटर वेगळे काढून ठेवते. मुली तिला मावशी म्हणतात.

पण कुठलाही स्वेटर उसवत नाही. तो उलटा करून बगलेखालची शिवण पाहायची. दोन विणलेल्या कडा एकमेकींना साखळीनं जोडलेल्या दिसल्या तर घ्यावा. शिवणीवर दाट ओव्हरलॉक असेल तर ते कापड ठाणासारखं विणून कात्रीनं कापलेलं आहे. उसवलं तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येईल. हातानं विणलेल्या स्वेटरला ही भीती नाही. दुसरं, कापड आटून घोंगडीसारखं घट्ट झालेलं असेल तर धागे एकमेकांत रुतलेले असतात, ते सुटत नाहीत. तिसरं, धागा. यंत्रावरच्या स्वेटरचा धागा बारीक असतो, दोन किंवा तीन पदर एकत्र घेऊन विणावं लागतं, हे आधी हिशेबात धरावं. उसवताना क्रम उलटा: आधी गळ्याची पट्टी, मग शिवणी, मग बाह्या, मग पाठ-पोट वरून खाली. जिथं विणकाम संपलं तिथून ते सुटतं. खालून सुटायला बघितलं तर प्रत्येक टाक्याला धागा ओवून काढावा लागेल. ॲक्रिलिकची कुरळं काढायला कुणी इस्त्री लावू नये. जास्त उष्णतेनं तो धागा मान टाकतो आणि पुन्हा कधी उभा राहत नाही.

काही खरेद्यांत मी पैसे घालवले आहेत, तेही सांगते. वर्गासाठी म्हणून एका दुकानातून विणकामाचं जुनं हातयंत्र आणलं. घरी उघडलं तेव्हा त्याच्या पट्टीतल्या अनेक सुयांचे आकडे तुटलेले होते, आणि त्या मॉडेलच्या सुया मला कुठंच मिळाल्या नाहीत. समोर दहा ओळी विणून दाखवल्याशिवाय जुनं यंत्र घेऊ नये. गोल सुयांचंही तसंच: सुया धडधाकट असतात, पण मधली प्लॅस्टिकची नळी जुनी झाली की ताठ होते, सांध्याशी चिरते आणि प्रत्येक टाका तिथं अडतो. आणि बाळंतविडा. टोपडं, कुंची, पायमोजे हे आपल्याकडचं विणकाम टिकवून धरणारं खरं कारण आहे, थंडी नव्हे. तिथं मी जुनी लोकर वापरत नाही. तान्ह्या बाळाच्या मऊ कातडीला काय टोचेल ते सांगता येत नाही. त्यासाठी शंभर ग्रॅम मऊ लोकर नवीच घ्यावी.

नमुन्यांसाठी रद्दीवाला पुरे. हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक तिथं किलोवर मिळतात, आणि कधी पॅटन्स कंपनीची इंग्रजी पत्रकं. त्यांत लोकर औंसात असते. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. सुयांचे नंबर तेच, तारेचे. जुन्या पत्रकाला जुनी सुई अचूक बसते.

मग जे स्वेटर कुणीच उसवत नाही, त्यांचं काय होतं? लोकरीच्या चिंध्यांची मोठी वाट पानिपतला जाते. परदेशातले वापरलेले गरम कपडे कांडला बंदरातून येतात, अंगात घालता येऊ नयेत म्हणून बरेचसे आधीच फाडलेले, आणि पानिपतच्या कारखान्यांत बायका जमिनीवर बसून त्यांचे रंगवार ढीग लावतात. बटणं, चेन, लेबलं काढली जातात. यंत्रं कापडाचा पुन्हा पिंजलेला तंतू करतात, त्याचं सूत निघतं आणि त्या सुताचे कांबळे. भूकंप-पुरानंतर मदत म्हणून जे करडे, जाड कांबळे वाटले जातात, ते पुष्कळदा तिथले. रंग आधीच वर्गवारीत जुळवलेले असल्यामुळे नव्यानं रंगवावंही लागत नाही. ही विद्या १८१३ साली यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ यांनी काढली, तिला शॉडी म्हणतात. मला या उद्योगाचा आदर वाटतो. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, आणि त्या सुताचं पुन्हा मऊ स्वेटरात रूपांतर होत नाही. हातानं उसवलेल्या धाग्याची लांबी शाबूत राहते. पाच-सहा तास आणि एक चौरंग, एवढाच त्याचा खर्च.

वर्गातल्या सगळ्यांकडे आता स्वतःची जोडी आहे. मी गेल्या महिन्यात तो डाळिंबी स्वेटर वर्गात नेला होता. मुलींनी तो हातोहात फिरवला. एकीनं सुचवलं, दोन्ही बाह्या काढून टाका, बिनबाह्यांचा होईल. दुसरीनं म्हटलं, उरलेली बाही करड्या रंगात विणा, पट्टा म्हणून खपेल. तिसरी हिशेबाची पक्की. ती म्हणाली, पूर्ण बाही थोडी उसवा, दोन्ही कोपरापर्यंत करा, आहे त्यात भागेल. तिन्ही उपाय बरोबर आहेत, आणि माझ्या आईनं यांतलाच एखादा केला असता. पण ज्या बाईनं ती बाही घेतली होती तिनं ती मनगटापर्यंत मोजून घेतली होती. पहिल्या बाहीत तिनं दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एक-एक टाका वाढवला आहे, एकदाही न चुकता. दुसऱ्या बाहीत ती बाराव्या सेंटिमीटरला थांबली, ओळीच्या मध्ये. विणणारी बाई ओळीच्या मध्ये सुई सहसा खाली ठेवत नाही.

मी ती ओळ पूर्ण केली, आणि नऊ ग्रॅम पुरली तेवढं पुढे विणलं. आता बाही सतरा सेंटिमीटरवर आहे.

लोकर अस्सल आहे, चार पदरी. पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळली तर एका इंचात चौदा वेढे बसतात. सुई दहा नंबरची. रंग डाळिंबाच्या दाण्याचा, किंचित काळपटाकडे झुकणारा. पंचवीस-तीस ग्रॅम पुरेल. कुणाच्या पेटीत, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर असा गुंडा असेल, तर या अंकाच्या पत्त्यावर कृपया कळवावं. मी येऊन नेईन.